हाताकडे बघण्याचं काम

चहाचा पेला अर्धा संपला होता की पाऊण, शालीचं टोक डाव्या खांद्यावर होतं की उजव्या, हे सांगण्यावर माझं पोट चालतं. सिनेमात या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी फक्त घरात, आणि तीही आमच्या म्हैसूरची, वाक्याच्या मध्येच कन्नडमध्ये शिरणारी. दिवाळी अंकासाठी लिही म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. त्या म्हणाल्या, "अगं, तू शूटिंगवर नक्की काय करतेस ते आम्हाला कुणालाच कळलेलं नाही. तुझ्या आईलासुद्धा."

आईचं खरंच तसं आहे. कुणी विचारलं की ती सांगते, "काही नाही, तिथे बसून बघते."

उत्तर अगदीच चूक नाही. सिनेमा पडद्यावर दिसतो त्या क्रमाने घेत नाहीत. एक माणूस दार उघडून आत येतो, यातलं दार बाहेरून उघडणं सोमवारी हुणसूरला घेतात आणि आत येणं गुरुवारी म्हैसूरच्या एखाद्या बंगल्यात. मधल्या दिवसांत तो माणूस दाढी करतो, सर्दी आणतो, शर्टाची बाही एक घडी जास्त दुमडतो. पडद्यावर मात्र हे सगळं एका क्षणात घडलेलं दिसायला हवं. ते तसं दिसतं आहे ना, हे बघणारं एक माणूस सेटवर लागतं. ते मी.

लोकांना वाटतं यात फोटो काढून ठेवले की झालं. फोटो काढतेच. पण फोटोला म्हैसूरची मल्लिगे, म्हणजे इथला मोगरा, कळत नाही. एका सिनेमात नायिकेच्या वेणीत मल्लिगेचा गजरा होता. सकाळी घेतलेल्या तुकड्यात कळ्या, दुपारच्या तुकड्यात अर्धी फुलं, संध्याकाळी पूर्ण उमललेली. नवऱ्याशी मिनिटभर बोलायचं आणि तेवढ्यात डोक्यात अख्खी बाग फुलायची. तेव्हापासून मी बर्फाची पेटी घेऊन जाते आणि दर थोड्या वेळाने कळ्यांचा नवा गजरा माळायला लावते. दुसऱ्या एका सिनेमात सरपंच झालेल्या आजोबांनी जेवणाच्या सुट्टीत मिशी काढून टाकली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मुलीकडचे लोक बघायला येणार आहेत माझ्या नातवाला, बरं दिसत नाही." उरलेला प्रसंग आम्ही त्यांच्या पाठीमागून घेतला.

या कामात बोलावं फार लागत नाही, म्हणून मी ते धरलं हेही सांगून टाकते. दिग्दर्शकाच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि सगळे ज्याच्या चेहऱ्याकडे बघत असतील त्याच्या हातांकडे बघायचं. मला तसंही लोकांच्या चेहऱ्याकडे फार वेळ बघवत नाही. बोलायचा प्रसंग एकच येतो. दिग्दर्शकाला टेक पसंत पडला की तो मान न वळवता विचारतो, "कंटिन्युइटी?" आणि मी म्हणते, "ओके." तेवढं झाल्याशिवाय दिवे हलवायचे नाहीत, सामान उचलायचं नाही, अशी पद्धत आहे. ती सगळ्या सेटवर पाळतात असं नाही, पण आमचे दिग्दर्शक मधुसर पाळतात.

त्या पद्धतीपायी एकदा मी फार अडचणीत आले. त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे. बोलणं बहुतेक कन्नडमध्ये झालं होतं, मी मराठीत देते.

सिनेमा जुगारावर होता. कथा मधुसरांचीच. हुणसूरच्या तंबाखूच्या बाजारात महादेव नावाचा एक दलाल असतो. लोक त्याच्यावर विश्वास टाकून माल त्याच्या स्वाधीन करतात आणि हा विकून आलेले पैसे पत्त्यांवर लावतो. हरतो. मग ते भरून काढायला आणखी लावतो. शेवटी म्हैसूरच्या एका श्रीमंताच्या बंगल्यावर एकच डाव उरतो. जिंकला तर सगळ्यांचे पैसे परत, आणि हे कधी घडलं होतं हे कुणाला कळणारसुद्धा नाही. हरला तर संपला.

पैसे घालणारे होते शंकररावकाका. आमचं नातं नाही, पण विठोबाच्या देवळात बाबांची आणि त्यांची भेट व्हायची. बाबांचं टेलरिंगचं दुकान, काकांचं मंडपाचं आणि भाड्याच्या भांड्यांचं. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते, आणि काका स्कूटरवरसुद्धा घोड्यावर बसल्यासारखे ताठ बसायचे. सिनेमात पैसे घालण्याचं वेड त्यांना कुठून लागलं देव जाणे. मला हे काम त्यांनीच दिलं. सेटवर मराठीत बोलायला कुणीतरी मिळालं याचा त्यांना इतका आनंद, की कॅमेरा चालू असतानाही कुजबुजायचे.

मला पत्ते येत नव्हते. आमच्या घरी पत्ते आणलेले बाबांना चालत नाहीत. तेव्हा तीन पत्ती मला काकांनी शिकवली, शूटिंगच्या व्हॅनमध्ये, मांडीवर ट्रे घेऊन.

"हे बघ पोरी, प्रत्येकाला तीन पानं. तिन्ही सारखी आली, म्हणजे तीन राण्या किंवा तीन सत्त्या, तर तू राजा. एकाच रंगाची तीन आली तर बरी. दोन सारखी आली तर जोडी, ती त्याच्या खाली. कळलं?"

"कळलं. मग अक्कल कुठे लागते?"

"अक्कल कशाला? छाती लागते." आणि मग माझ्याकडे रोखून बघत, "तुझी पानं चेहऱ्यावर दिसत नाहीत गं. तू बसलीस तर आम्हाला सगळ्यांना घरी पाठवशील."

शेवटचा डाव असा होता. पानं वाटताना एक पान घसरून महादेवच्या मांडीवर पडतं. कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्या हातात दोन राण्या आणि किलवरची चव्वी. मांडीवर पडलेली इस्पिकची राणी. चव्वी देऊन ती ठेवून घेतली की तीन राण्या, म्हणजे डाव त्याचा. समोरच्याकडे एका रंगाची तीन पानं आहेत, जोडीने ती हरणार नाहीत. महादेव चारही पानं हातात धरून बसतो. मग त्यातली राणी उचलून, कुणालाही न दाखवता, टेबलावरच्या गड्डीखाली सरकवतो. जोडी दाखवतो, हरतो, आणि उठून लोकांना तोंड द्यायला निघतो.

मी मधुसरांना एकदाच धीर करून विचारलं होतं, "सर, त्याने लोकांना आधीच फसवलंय. मग इथेच खरेपणा कशाला?"

ते म्हणाले, "सगळं घालवून बसलाय. एवढंच एक अजून त्याच्या हातात आहे."

म्हैसूरच्या यादवगिरीतला एक जुना बंगला भाड्याने मिळाला होता. प्रसंग रात्रीचा, पण आम्ही तो दिवसाच घेतला. खिडक्यांना काळं कापड लावलं की बाहेर कितीही ऊन असो, आत रात्र. पानं उघडून दाखवण्याचा तुकडा आदल्या दिवशीच झाला होता: दोन राण्या, किलवरची चव्वी. उरला होता तो मधला, कठीण तुकडा. मधुसरांना तो न कापता हवा होता. कॅमेरा महादेवच्या चेहऱ्यावर सुरू होणार, हळूहळू खाली उतरणार आणि राणी गड्डीखाली जाताना हातावर थांबणार. सगळा सिनेमा त्या एका उतरण्यावर उभा होता.

महादेव झाले होते वीरेशसर. नाटक कंपनीतून आलेले, पन्नाशीचे, सेटवर फारसे न बोलणारे. म्हणून मला आवडायचे. त्यांना त्या दुपारी हैदराबादला दुसऱ्या शूटिंगसाठी निघायचं होतं. आणि बंगल्याच्या मालकांकडे संध्याकाळी लग्नाचा कार्यक्रम. दुपारपासूनच व्हरांड्यात झेंडूच्या माळांचे ढीग येऊन पडले होते आणि मांडववाले शिडी घेऊन दाराशी उभे. त्यातला एकजण दर थोड्या वेळाने आत डोकं घालून विचारायचा, "झालं का, सामी?" सामी म्हणजे साहेब. काकांच्याच धंद्यातला माणूस. काकांना त्याला ओरडताही येईना.

पहिले काही टेक फुकट गेले. मग एक असा आला की सेटवर कुणी श्वासही घेईना. वीरेशसर पानांकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अभिनयाचं पाणी मला ओळखता येतं, ते वेळेवर येतं. हे तसं नव्हतं. ते ओठ आवळून थांबवायला बघत होते. दिवेवाल्या मंजण्णाने डोळे पुसले. कॅमेरा खाली उतरला, हाताने पान गड्डीखाली सरकवलं. मधुसर हळूच "कट" म्हणाले. टाळ्या झाल्या.

मला चेहरा नीट दिसलाच नव्हता. मी हात बघत होते. गड्डीखाली गेलं ते पान राणीचं नव्हतं. राणीच्या पानावर रंगीत चित्र असतं. हे पांढरं होतं, त्यावर चार काळ्या खुणा. किलवरची चव्वी.

म्हणजे राणी त्याने ठेवून घेतली होती.

माझ्या शेजारी काका बसले होते. त्यांचेही डोळे ओले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? बघितलंस ना? पैसा वसूल!" आणि मग माझा चेहरा बघून, "काय झालं गं?"

मी त्यांच्या कानात सांगितलं.

काकांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "कोण बघतंय?"

"काका, थिएटरात पडदा भिंतीएवढा असतो. पान उशीएवढं दिसेल."

"लोक रडत असतील तेव्हा."

"सगळे नाही रडत. आणि पुढच्याच क्षणी तो दोन राण्या आणि चव्वी उघडतो. लोक म्हणतील, चव्वी तर त्याने खाली घातली. मग ही आली कुठून? म्हणतील, यानेही लबाडी केली आणि ती पण धड जमली नाही."

"सुम्ने कुतको," काका म्हणाले. गप्प बैस. त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मग लगेच आवाज आणखी खाली आणून, माझ्याकडे न बघता, "ऐक पोरी. वीरेश आज गेला की महिनाभर येत नाही. हा बंगला परत मिळायचा नाही. आणखी एक दिवस काढायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. घराचे कागद बँकेत आहेत. काकूला माहीत नाही."

नजरबादचं ते घर मी पाहिलं होतं. पुढच्या खोलीत काकूंचं शिवणाचं मशीन, मागे तुळस आणि नारळ. काकू तिथे लग्न होऊन आल्या होत्या. त्या घरावर काकांनी सही करून सिनेमा काढला होता आणि रोज डबा घेऊन सेटवर येत होते.

तेवढ्यात मधुसरांनी, नेहमीसारखं मान न वळवता, विचारलं, "कंटिन्युइटी?"

मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. मग मात्र त्यांनी मान वळवली, आणि त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी. मला सगळ्यांनी एकदम बघितलं की माझा आवाज आत कुठेतरी जाऊन बसतो. काका आपल्या चपलांकडे बघत होते. मी त्या चपलांकडे बघितलं. मला वाटलं, "ओके" म्हणावं. एका शब्दाचा प्रश्न. पण तसं म्हटलं तर त्या बिचाऱ्या महादेवने सगळ्या सिनेमात जे एकच चांगलं केलं, तेही त्याच्याकडून जाणार होतं. आणि घर ज्या सिनेमावर लागलं होतं, तो तरी मग कशाचा राहणार?

"नॉट ओके, सर," मी म्हटलं.

कुणालाच ऐकू गेलं नाही. ऐकलं फक्त ध्वनिमुद्रण करणाऱ्या जोसेफने, कारण त्याच्या कानांवर हेडफोन होते आणि माइक अजून चालू होता. तो कोपऱ्यातून ओरडला, "मॅडम नॉट ओके म्हणतात!"

पुढचा काही वेळ मला आठवायला नको वाटतो. मधुसरांनी टेक पुन्हा लावून बघितला. दुसऱ्यांदा बघताना छोट्या पडद्यावरही चव्वी दिसली. कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरवर पान बदलता येईल. मधुसर म्हणाले, हलत्या बोटांखालचं पान बदलायला जो खर्च येईल त्यात दुसरा सिनेमा निघेल. वीरेशसरांना वाटलं, आपण चूक केली नाही, ही मुलगी उगाच खोट काढते. मग त्यांनीही बघितलं आणि खुर्चीत बसून राहिले.

"मी राणी खाली घालणार होतो," ते म्हणाले. "घातली असंच मला वाटलं. पण त्या वेळी मला ती फार हवी होती हो. हाताने ठेवून घेतली."

त्यांनी पुन्हा केलं, आणि पुन्हा केलं. राणी प्रत्येक वेळी बरोबर गड्डीखाली गेली आणि चेहरा प्रत्येक वेळी कोरडा. शेवटी त्यांनी मधुसरांचे दोन्ही हात धरले. "तो माझ्याकडे परत नाही. होता तो दिला." त्यांची गाडी फाटकात उभी होती. जाताना माझ्यापाशी थांबले. मला वाटलं आता बोलतील. म्हणाले, "बरं केलंस, तंगी. नाहीतर जन्मभर मला चोर म्हटलं असतं." तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी मान हलवली. नेहमीप्रमाणे योग्य उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

गाडी गेली. मांडववाल्याने डोकं आत घातलं. "झालं का, सामी?"

मधुसर गड्डीसमोर बसून होते. मी पुढे जाऊन म्हटलं, "सर, चेहरा त्याच टेकचा ठेवायचा. कॅमेरा खाली उतरतो त्याच्या आधी कापायचं. फक्त हात नव्याने घ्यायचा. जवळून. हात कुणाचाही चालेल."

"न कापता हवं होतं मला," ते म्हणाले. लहान मुलासारखं म्हणाले. मग उठले. "कुणाचा हात?"

हे बघणं माझं काम. सगळ्यांनी हात पुढे केले, शाळेत नखं तपासायला करतात तसे. मंजण्णाचा हात दिव्यांनी भाजलेला. जोसेफची बोटं लांब आणि गोरी. सहायकांचे हात कोवळे. वीरेशसरांचा हात रुंद होता, पाठीवर पिकू लागलेले केस, अंगठ्याचं नख जाड. मला तो चांगला आठवत होता, आणि तसा दुसरा हात सेटवर कुणाचा आहे हेही मला केव्हाच दिसलं होतं. तोंडाने म्हणवत नव्हतं. काका माझ्याशी बोलत नव्हते.

"काकांचा चालेल," मी म्हटलं.

काकांनी वर बघितलं. "माझा?"

"हो."

"सही केली तोच हात?" ते मराठीत म्हणाले, म्हणजे फक्त मला.

"उजवा लागेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

महादेवचा शर्ट काकांना घट्ट होत होता, पण मनगटापर्यंतच दिसणार होता. महादेवची अंगठी घातली. मी त्यांच्या हातात चार पानं लावून दिली: बदाम राणी, चौकट राणी, चव्वी, आणि सगळ्यांत वर इस्पिक राणी. मधुसरांनी सांगितलं, राणी गड्डीखाली सरकवायची, घाई करायची नाही. काकांनी ती पोस्टाच्या पेटीत पत्र टाकावं तशी टाकली.

"सावकाश, सर," मधुसर म्हणाले. "त्याला ती ठेवायची आहे."

"मला पण ठेवायची आहे, सामी," काका म्हणाले. सेटवर हशा झाला. काका हसले नाहीत.

दुसऱ्यांदा कॅमेरा चालू झाला तेव्हा हात बराच वेळ नुसता थांबला. मग राणीवरचं बोट उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. पान थोडं पुढे गेलं, थोडं मागे आलं. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मग राणी निघाली आणि गड्डीखाली गेली, पूर्ण, कोपरासुद्धा बाहेर न राहता. हात रिकामा तसाच टेबलावर पडून राहिला.

या वेळी "कट" म्हणायला मधुसर विसरले. मांडववाल्याने व्हरांड्यातून विचारलं तेव्हा त्यांना आठवलं.

काळं कापड काढलं. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. प्रत्येक वेळी मला त्याचं नवल वाटतं. आमचं सामान बाहेर जात होतं आणि झेंडू आत येत होता.

काका म्हणाले, "चल, सोडतो तुला." त्यांनी कुणाची तरी गाडी मागून घेतली होती. माझं घर हूटगळ्ळीला. गाडी उलट्या दिशेला, नजरबादकडे लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण मी विचारलं नाही. घराशी थांबल्यावर ते म्हणाले, "आत ये थोडी."

"काका, मी कशाला?"

"मी एकटा सांगायला बसलो तर गोड करून सांगीन. तू असलीस की खरं सांगावं लागेल."

लोकांच्या घरात अशा वेळी असणं ही माझ्यासारखीला शिक्षाच आहे. तरी गेले. लीलाकाकू जमिनीवर बसून अवरेकाई सोलत होत्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा, थंडीत इथे घरोघरी हेच चालतं. "अय्या, तू पण आलीस? बैस गं," म्हणून त्यांनी माझ्यापुढेही मूठभर शेंगा सरकवल्या. मला बरं वाटलं. हाताला काम मिळालं.

काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं. बँक, कागद, सही. काही गोड केलं नाही.

काकूंचे हात थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, "कधी?"

"गौरीच्या आधी."

"म्हणजे मी साडी नको म्हणत होते आणि तुम्ही घे, घे करत होता, तेव्हा?"

"हो."

"तरीच दोन आणल्या." एक शेंग फुटली. "आणि मला वाटलं, आता म्हातारपणी तरी यांना सुचायला लागलं."

मी दाण्यांकडे बघत होते. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही तिथे शोभणारं नव्हतं. काकूंनी परात काकांच्या पायांशी ढकलली. "बसा. सोला."

काका बसले. सिनेमातल्या शर्टाची बटणं अजून उघडायची राहिली होती. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की साली उडाल्या.

त्यानंतर काकू किती दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत ते मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे, की पुढच्या आठवड्यात एच. डी. कोटेला धरणाजवळ शेवटचं शूटिंग होतं, तिथे काकू स्वतः आल्या, दुकानातली मोठी भांडी टेम्पोत घालून. जेवणाचं कंत्राट त्यांनी बंद करून टाकलं होतं. "बाहेरच्यांना कशाला द्यायचं? घर माझं लागलंय, तर जेवण माझ्या हातचं." युनिटला इतकं चांगलं जेवण त्याआधी कधी मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही. घरातल्या वरच्या खोल्या त्यांनी नर्सिंगच्या मुलींना भाड्याने दिल्या. हाताची गोष्ट मंजण्णाने त्यांना पहिल्याच दिवशी सांबार वाढून घेताना सांगितली.

सिनेमा धो धो चालला नाही. पडलाही नाही. थोडं थिएटरांनी दिलं, थोडं टीव्हीवाल्यांनी, आणि कागद घरी आले. काकांनी पुन्हा सिनेमाचं नाव काढलेलं नाही. मधुसर मात्र अजून भेटले की म्हणतात, तो तुकडा न कापता असता तर. मलाही तसं वाटतं. तो चेहरा जिथे कापला आहे तिथे आणखी थोडा राहायला हवा होता, आणि तो कापला जाण्याला मी कारण आहे. हात बघणाऱ्या माणसाला एवढं सोसावं लागतं.

पहिल्या दिवशी आम्ही म्हैसूरच्याच थिएटरात गेलो. मी मध्ये नको म्हणत असतानाही काकूंनी मला शेजारी बसवलं, पलीकडे काका. थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. शेवटचा डाव आला. पान मांडीवर पडलं. वीरेशसरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आमच्या मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मग पडद्यावर, भिंतीएवढा, तो हात आला. इस्पिकच्या राणीवर बोट ठेवून थांबलेला. बोट उचललं गेलं, पुन्हा टेकलं. पान पुढे गेलं, मागे आलं. थिएटरात चिडीचूप.

काकूंना राहवलं नाही. त्या मोठ्याने, घरात बोलतात तशा मराठीत म्हणाल्या, "अहो, ठेवा की हो खाली!"

पुढच्या रांगेतल्या माणसांनी वळून बघितलं.

"ठेवतोय गं," काका अंधारात पुटपुटले. "ठेवतोय."